त्वचारोगाच्या सरसकट बंदीबद्दल आणि कोड असलेल्यांच्या पोहण्याबद्दल: तलावचालक व प्रशिक्षकांना खुले पत्र

प्रति,
जलतरण तलावांचे व्यवस्थापक, प्रशिक्षक, जीवरक्षक आणि शाळांचे क्रीडाशिक्षक

सप्रेम नमस्कार.

तलावांच्या नियमावलीत 'त्वचारोग असलेल्यांना प्रवेश नाही' अशी एक ओळ पुष्कळदा असते. संसर्ग रोखणे हे तुमचे कामच आहे, त्यामुळे ती ओळ का लिहिली जाते ते कळते. पण तिच्यात कोड असलेली माणसेही अडकतात आणि कोडाचा संसर्गाशी काडीचाही संबंध नाही. ती ओळ बदलावी आणि तिच्याबरोबर पोशाख, शॉवर, क्रीम आणि वेळा यांचे काही नियमही सुधारावेत, यासाठी हे पत्र आहे. कोड असलेल्या माणसामुळे तलावाला धोका नसतो. धोका असतो तो तलावावरच्या उन्हामुळे आणि घर्षणामुळे, त्या माणसाच्या त्वचेला. आजचे नियम बहुतेक ठिकाणी नेमक्या उलट्या बाजूने लिहिलेले आहेत.

आधी संसर्गाचे. कोडात शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशींवर उलटते. त्या पेशी गेल्या की तिथे मेलॅनिन तयार होत नाही आणि त्वचा पांढरी पडते. त्यात जंतू नाही, बुरशी नाही, पू नाही, खपली नाही. पाणी, टॉवेल, बाक, स्पर्श, यांपैकी कशानेही कोड दुसऱ्याला होत नाही. कुष्ठरोगाशीही त्याचे नाते नाही. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा फिकट असतो, पूर्ण पांढरा नसतो, आणि त्यावरची संवेदना कमी झालेली असते. कोडाच्या डागावर स्पर्श, उष्णता, टोचणे सगळे नीट कळते. जगभरात शंभरातल्या साधारण अर्ध्या ते दोन जणांना कोड असते. हजार सभासदांच्या तलावावर त्यातले पाच-दहा तरी दिसायला हवेत. दिसत नसतील तर ते का येत नाहीत, हा प्रश्न व्यवस्थापनाने स्वतःला विचारावा.

नियमाचा मजकूर असा करता येईल: 'उघडी जखम, पू किंवा पाणी वाहणारा त्वचेचा संसर्ग, खरूज किंवा जुलाब असल्यास बरे होईपर्यंत पाण्यात उतरू नये. कोड, सोरायसिस आणि इसब हे संसर्गजन्य नाहीत. त्यांना प्रवेश आहे.' जुलाबाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. पाण्यातून पसरण्याची खरी भीती त्याचीच असते. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही सात दिवसांहून जास्त टिकतो आणि त्याची लागण झालेल्याने जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पोहू नये असे सांगितले जाते. तरी बहुतेक तलावांवर जुलाबाबद्दल कोणी विचारत नाही आणि पांढऱ्या डागांबद्दल मात्र सगळ्यांसमोर विचारतात. डॉक्टरांचा दाखला हवाच असेल तर 'विटिलिगो (कोडाचे वैद्यकीय नाव), संसर्गजन्य नाही' एवढी एक ओळ एकदाच घ्यावी आणि नोंदवहीत ठेवावी. कोड दर हंगामात संसर्गजन्य झाले आहे का, हे तपासण्याची गरज नसते. आणि ही विचारपूस रांगेत उभे करून करू नये.

आता उन्हाकडे येतो, कारण प्रशिक्षकांची सर्वात जास्त मदत इथे होऊ शकते.

मेलॅनिन नसल्यामुळे कोडाचा डाग उन्हात काळवंडत नाही, थेट भाजतो. माणूस मूळचा कितीही सावळा असो, डागावरची त्वचा जवळजवळ अतिगोऱ्या त्वचेइतकीच लवकर होरपळते. 'लाल दिसायला लागले की बाहेर ये' हा सल्ला इथे चालत नाही. उन्हाची लाली काही तासांनी उमटते आणि 12 ते 24 तासांत सर्वात जास्त होते, म्हणजे पाण्यात असताना ती दिसतच नाही. शिवाय पाणी त्वचेला गार ठेवते, त्यामुळे चटकाही जाणवत नाही. भाजण्याचा त्रास तर असतोच, पण कोडात आणखी एक गोष्ट घडते. त्वचेला इजा झाली की त्याच जागी नवा डाग उमटू शकतो. याला कोबनर परिणाम म्हणतात. ऊन लागून भाजणे ही अशीच एक इजा, आणि घर्षण व खरचटणे हीसुद्धा. पुढचे सगळे तपशील या एका गोष्टीभोवती फिरतात.

तलावावर अतिनील किरण कुठून कुठून येतात, याचा अंदाज चुकतो. पाण्याखाली गेल्याने संरक्षण मिळत नाही. अर्धा मीटर खोलीवरही पृष्ठभागावरच्या तीव्रतेच्या सुमारे 40 टक्के अतिनील किरण पोहोचतात. समुद्रावर कोरडी वाळू सुमारे 15 टक्के आणि फेसाळ पाणी सुमारे 25 टक्के किरण परत फेकते. पातळ ढगांतून 90 टक्क्यांहून जास्त किरण खाली येऊ शकतात, म्हणून ढगाळ दिवशी सूट घेऊ नये. दिवसभरातल्या अतिनील किरणांपैकी सुमारे 60 टक्के सकाळी 10 ते दुपारी 2 या चार तासांत पडतात. घड्याळ किंवा मोबाइल जवळ नसेल तेव्हा सावलीकडे पाहावे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन तीव्र आहे. यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, 3 किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा संरक्षण हवे आणि 8 च्या पुढे उघड्या तलावावर वर्ग घेऊच नये. शाळेच्या वेळापत्रकात पोहण्याचा तास दुपारी 12 ला बसवला असेल तर तो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी हलवा. याचा फायदा सगळ्याच मुलांना होतो. बंदिस्त तलावाच्या मोठ्या काचांबद्दलही एक गोष्ट ध्यानात असू द्या. अतिनील किरणांचे यूव्हीए आणि यूव्हीबी असे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोहोचतात. साधी काच यूव्हीबी बरेचसे अडवते, यूव्हीए मात्र आत येते. त्यामुळे खिडकीलगतची लेन सावलीत आहे असे समजू नये.

छत कुठे बांधायचे, हाही विचार करण्यासारखा मुद्दा आहे. अनेक तलावांवर प्रेक्षकांच्या बाकांवर सावली असते आणि काठ उघडा असतो. शिकाऊ मुले मात्र बराच वेळ काठावर, पाय पाण्यात सोडून, आपल्या पाळीची वाट पाहत बसतात. पाठ, खांदे, मानेची मागची बाजू आणि पायांचे वरचे भाग तिथे भाजतात. सावलीचे कापड आधी तिथे हवे. चांगली सावली अतिनील किरण निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी करते. उरलेले आकाशातून विखरून येतातच, म्हणून सावलीतही क्रीम सोडता येत नाही.

सनस्क्रीनबद्दल पालकांना काय सांगायचे, असे प्रशिक्षक विचारतात. पाण्यात टिकणारे, यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही अडवणारे, एसपीएफ (क्रीमच्या ऊनरोधकतेचे माप) 50 चे घ्यायला सांगा. 30 च्या खालचे नको. एसपीएफ 30 मधून सुमारे 3.3 टक्के यूव्हीबी आत जाते, 50 मधून 2 टक्के. हे आकडे मिळतात ते दर चौरस सेंटीमीटरला 2 मिलिग्रॅम क्रीम लावून केलेल्या चाचणीत. रोजच्या वापरात माणसे त्याच्या निम्मेही लावत नाहीत आणि मग बाटलीवरच्या आकड्याचे संरक्षण मिळत नाही. मोठ्या माणसाचे मोजमाप सोपे आहे: चेहरा, मान आणि कान मिळून एक छोटा चमचा, प्रत्येक हाताला एक, प्रत्येक पायाला एक, छाती-पोटाला एक, पाठीला एक. सात चमचे, म्हणजे सुमारे 35 मिली. 50 मिलीची नळी दीड वेळातच संपते! तेवढे क्रीम दर वेळी कोणी लावत नाही, म्हणून जिथे कापड चढवता येते तिथे कापडच चढवावे आणि क्रीम उघड्या राहिलेल्या भागांसाठी ठेवावे.

डागांपुरतेच क्रीम लावणे ही फार सर्रास होणारी चूक आहे. डाग भाजत नाही, पण भोवतालची त्वचा काळवंडते आणि डाग पूर्वीपेक्षा उठून दिसू लागतो. क्रीम सगळ्या उघड्या अंगाला हवे. डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडचे घ्यावे, कारण ते घामाबरोबर डोळ्यांत उतरले तरी कमी झोंबते. सावळ्या त्वचेवर त्याचा पांढरट थर दिसतो. आयर्न ऑक्साइड घातलेले, त्वचेच्या रंगाचे क्रीम मिळते, त्यात हा त्रास कमी असतो. ओठांवर कोड असेल तर एसपीएफ 30 चा लिप बाम लागतो. विसरल्या जाणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: कानांच्या पाळ्या, पापण्या, भांग, मानेची मागची बाजू, पावलांची वरची बाजू, बोटांची पेरे. हातांवरचे क्रीम सर्वात आधी जाते, कारण काठ, शिडी आणि लेनची दोरी सतत धरावी लागते. अंगाला कोणतेही तेल चोळल्याने उन्हापासून संरक्षण मिळत नाही.

इथे तलावाचा एक नियम आडवा येतो. पाण्यात उतरण्याआधी साबण लावून शॉवर घ्या, हा नियम अगदी बरोबर आहे. एक मिनिटाच्या आंघोळीनेही अंगावरचा घाम आणि मळ बराच निघतो आणि पाण्यात क्लोरामाइन (घाम-मळ आणि क्लोरीन मिळून होणारी झोंबणारी रसायने) कमी तयार होतात. पण मूल घरून क्रीम लावून आलेले असते आणि ते त्या शॉवरमध्येच धुऊन जाते. मग ते तसेच पाण्यात उतरते. पालकांना वाटते क्रीम लावले आहे, प्रशिक्षकांना वाटते मूल स्वच्छ होऊन आले आहे, आणि त्वचा मात्र उघडी असते. क्रम असा ठेवावा: आधी शॉवर, मग अंग टिपून कोरडे करणे, मग सावलीत बसून क्रीम, मग 15 ते 20 मिनिटे थांबणे, मग पाणी. त्या वेळात हजेरी, सूचना आणि कोरड्यावरचे व्यायाम होऊ शकतात, वर्गाचा वेळ वाया जात नाही. शॉवरजवळ एक सावलीचा बाक आणि आरसा एवढ्यानेही पुष्कळ सोय होते.

'क्रीम लावून तलावात उतरू नये' असा फलकही काही ठिकाणी दिसतो. त्यामागची तक्रार खरी आहे: क्रीमचा तवंग येतो, फिल्टरवर भार पडतो. पण सुटते ते मुख्यतः नुकतेच फासलेले, न बसलेले क्रीम. पाण्यात टिकणारे क्रीम, थांबण्याची वेळ आणि अंगभर पोशाख या तिन्हींमुळे तवंग कमी होतो. क्रीमवर बंदी घातली तर कोड असलेल्या माणसावर पोहणे सोडण्याचीच पाळी येते.

पाण्यात टिकते म्हणजे किती? अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे वेष्टनावर 40 किंवा 80 मिनिटे असे लिहावे लागते आणि 'वॉटरप्रूफ' हा शब्द वापरता येत नाही, कारण कोणतेही सनस्क्रीन तसे नसते. 40 मिनिटांचे क्रीम लावून दीड तासाचा सराव केला तर उत्तरार्धात त्वचा जवळजवळ उघडी असते. म्हणून लांबच्या सरावात मध्ये एक क्रीमची सुट्टी ठेवा, पाणी प्यायला ठेवता तशीच. टॉवेलने अंग पुसले की क्रीम पुसले जाते, मग मिनिटे किती झाली ते मोजण्यात अर्थ नाही. पुन्हा लावावे लागते. पाण्यात नसतानाही दर दोन तासांनी. आणि उन्हात तापलेल्या गाडीत किंवा पिशवीत पडून राहिलेली बाटली वापरू नये. उष्णतेने क्रीम फाटते, पाणी वेगळे होते.

पोशाखाबद्दल आमची विनंती सरळ आहे: नियम लांबीवर लिहू नका, कापडावर लिहा. पूर्ण बाह्यांचा सदरा, घोट्यापर्यंतची विजार, डोके झाकणारा स्विमसूट यांना अनेक तलाव अडवतात, कारण सुती कपड्यांचे तंतू फिल्टरमध्ये जातात, ढगळ कपडा पाण्यात ओढतो आणि रस्त्यावरचे कपडे मळके असतात. या तिन्ही हरकती कापडाबद्दलच्या आहेत. 'नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा, अंगाबरोबर बसणारा, फक्त पोहण्यासाठी वापरला जाणारा पोशाख चालेल' असे लिहिले की काम होते. सुती टीशर्ट घालून पोहणे तसेही उपयोगाचे नाही. ओला झाल्यावर त्याचे संरक्षण आणखी घटते. यूपीएफ (कापडाच्या ऊनरोधकतेचे माप) 50 चे कापड पन्नासातला एकच भाग आत जाऊ देते, म्हणजे 2 टक्के. मात्र मापापेक्षा लहान घेतलेल्या पोशाखाचे कापड ताणले जाते, विणीतल्या फटी मोठ्या होतात आणि संरक्षण घटते. क्लोरीनने इलॅस्टेन (कापडातला ताणणारा धागा) कुजते आणि कापड सैल पडते. पोशाख उजेडासमोर धरून पाहावा. आरपार दिसू लागला असेल तर तो बदलायचा.

घट्ट पोशाखाने दुसरा त्रास होतो, तो घर्षणाचा. कमरेचा इलॅस्टिक, काखेतली शिवण, मानेवरची कड, गॉगलचा पट्टा, टोपीची कपाळावरची धार, सगळे एकाच जागी रोज घासतात, आणि कोबनर परिणामामुळे पट्ट्याच्या आकाराचा नवा डाग तिथे उमटू शकतो. सपाट शिवणींचा पोशाख घ्यावा, कमरेला इलॅस्टिकपेक्षा सैल बांधता येणारी नाडी बरी. शिवणीखाली सिलिकॉनचे घर्षणरोधक मलम लावता येते. पेट्रोलियम जेलीने लेटेक्सची टोपी खराब होते, तेव्हा जेली वापरणाऱ्याने सिलिकॉनची टोपी घ्यावी. मुलांच्या बाबतीत दोन सवयी बघा. काठावरून पोट आणि कोपरे घासत वर चढणे ही एक. अशा मुलाला शिडी वापरू द्या, त्याला मागे राहिला म्हणू नका. दुसरी, किकबोर्ड छातीशी घट्ट धरून ठेवणे. हात लांब करून बोर्डाची पुढची कड धरायला शिकवले की छाती घासत नाही, पोहण्याची ढबही सुधारते. खरचटलेच तर स्वच्छ पाण्याने धुऊन झाकावे आणि जखम भरेपर्यंत पोहणे थांबवावे.

गॉगलबद्दल थोडे जास्त सांगावे लागेल. रबर आणि निओप्रीनमध्ये वापरली जाणारी काही फिनॉलवर्गीय रसायने मेलॅनोसाइट पेशींना थेट मारतात. 1939 मध्ये रबरी हातमोजे घालणाऱ्या चर्मोद्योगातल्या कामगारांच्या हातांवर असे डाग पडल्याचे नोंदवले गेले आणि मोज्यांतले रसायन कारण म्हणून सापडले. पोहण्याच्या गॉगलच्या किनारीमुळे डोळ्यांभोवती रंग गेल्याच्याही नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. प्रत्येक रबरी वस्तू अशी असते असे नाही, पण ज्यांना आधीच कोड आहे त्यांनी सिलिकॉनच्या किनारीचे गॉगल घ्यावेत आणि पट्टा पकड बसेल एवढाच आवळावा. तलाव गॉगल भाड्याने देत असेल तर सिलिकॉनचेच ठेवावेत. काठावर घालायच्या चपलांबाबतही हेच. रबरी पट्ट्यांच्या जागी पावलावर डाग पडलेले त्वचातज्ज्ञ पाहतात.

क्लोरीनने कोड होते असा पुरावा नाही. मात्र त्वचा कोरडी पडते, खाज येते, खाजवल्याने इजा होते, आणि तिथून तोच कोबनर परिणाम. मोकळा क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (दहा लाखांत एवढे भाग) आणि पीएच 7.2 ते 7.8 राखला तर त्वचेचा त्रास कमी राहतो. तलावाला उग्र वास येतो तो क्लोरामाइनचा, ते स्वच्छतेचे लक्षण नाही. पोहून झाल्यावर साध्या पाण्याने अंग धुवावे, टॉवेलने चोळू नये, टिपावे, आणि त्वचा ओलसर असतानाच बिनवासाचे मॉइश्चरायझर लावावे.

उपचार चालू असलेल्या माणसाचे वेळापत्रक वेगळे असते. कोडावर उपचार म्हणून दिव्याखाली नॅरोबँड यूव्हीबीचे किरण आठवड्यातून दोन-तीनदा घेतात. त्या दिवशी वरून उन्हात पोहले तर मात्रा दोनदा झाली असे होते आणि त्वचा भाजते. किरण घेण्याआधी उपचाराच्या डागांवर सनस्क्रीन लावायचे नसते, घेतल्यानंतर लावायचे असते. सोरालेन हे त्वचेला प्रकाशाबद्दल संवेदनशील करणारे औषध पोटात घेतले असेल तर पुढचे 24 तास त्वचा आणि डोळे दोन्हींना उन्हापासून जपावे लागते, घरातही काचेतून येणारी यूव्हीए लागते. बावचीतही सोरालेन असते; बावचीचे तेल लावून उन्हात गेलेल्या डागावर मोठे फोड येऊ शकतात. म्हणून असा सभासद 'आज उन्हात उतरणार नाही' म्हणाला तर त्याला गैरहजर मांडू नका, बंदिस्त तलाव किंवा संध्याकाळची वेळ द्या. त्वचारोपणानंतर डॉक्टर सांगेपर्यंत पाणी वर्ज्य असते. डागांवर रंग लावणाऱ्यांचे दोन प्रकार आहेत. डायहायड्रॉक्सीॲसिटोन या रसायनाचा रंग त्वचेच्या वरच्या थरात मुरतो, पाण्याने लगेच जात नाही आणि काही दिवस टिकतो. झाकणारा मेकअप वर बसतो आणि टॉवेलला लागू शकतो. या रंगांवर ऊन अडवण्यासाठी विसंबू नये, सनस्क्रीन लागतेच.

भाजलेच तर प्रथमोपचारपेटीशी बसलेल्या जीवरक्षकाने एवढे करावे: लगेच सावलीत न्यावे, गार पाण्याची धार किंवा ओले कापड 10 ते 15 मिनिटे ठेवावे, बर्फ थेट लावू नये, फोड फोडू नयेत, पाणी पाजावे. फोड मोठे असतील, ताप किंवा उलटी असेल, किंवा मूल लहान असेल तर डॉक्टरांकडे पाठवावे, आणि कोड आहे हे तिथे सांगावे.

शेवटी स्पर्धांबद्दल. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत 1 जानेवारी 2010 पासून पुरुषांचा पोशाख बेंबीच्या वर आणि गुडघ्याच्या खाली जाता कामा नये, स्त्रियांचा मान झाकणारा, खांद्यांपलीकडे किंवा गुडघ्याखाली जाणारा नसावा असे बंधन आले. शाळा आणि क्लब पातळीवरच्या स्पर्धांनी ते बंधन जसेच्या तसे उचलण्याची गरज नाही. ऊन अडवणाऱ्या साध्या कापडाच्या पूर्ण बाह्यांच्या पोशाखाने वेग वाढत नाही, पाण्यात ओढ वाढते, त्यामुळे कोणाचा हक्क मारला जात नाही. नियमपुस्तकात एक वाक्य घाला: वैद्यकीय कारणाने अंग झाकणारा पोशाख पंचांच्या परवानगीने चालेल. ही परवानगी शर्यतीच्या दिवशी उडी मारायच्या ठोकळ्याजवळ मागायला लावू नका, प्रवेशअर्जातच तिची जागा ठेवा. आणि स्पर्धक आपल्या पाळीची वाट पाहतात ती जागा छताखाली हलवा. उघड्या उन्हात तासभर रांगेत बसलेल्या मुलाचे क्रीम शर्यतीआधीच घामाने ओघळून गेलेले असते.

आपले,
कोड आणि जलतरण या दोन्हींशी संबंध असलेले आम्ही